कॅनडा बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात गेले चार महिने एक एक्सेल शीट वाढत चालली आहे. सुरुवातीला तिच्यात एकच टॅब होता, 'कॅनडा'. आता सात आहेत. मिसिसागा, कॅल्गरी आणि हॅलिफॅक्स या शहरांचे तीन, एक पैशांचा, एक कागदपत्रांचा, एक 'काय काय विकायचं' असा, आणि शेवटचा 'बघून येऊ'. कायमचं जाण्याआधी दोन आठवडे सहकुटुंब तिथे राहायचं, घरभाडी, पाळणाघरं, बस, बाजार सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग ठरवायचं, असा तो बेत. लोक याला स्काउटिंग ट्रिप म्हणतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बायकोही. लेक अडीच वर्षांची. घाईचं कारण म्हणजे येत्या एप्रिलमध्ये मला तीस पूर्ण होतात. कॅनडाची 'एक्स्प्रेस एंट्री' ही पद्धत २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव या सगळ्याला मिळून १२०० पैकी गुण मिळतात. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ या काळात. तिसाव्या वाढदिवशी त्यातले पाच जातात, मग दर वर्षी थोडे थोडे गळत पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. आई विचारतेय की तिसावा वाढदिवस कसा करायचा, आणि मला केकवर 'उणे पाच' लिहिलेलं दिसतं.

'बघून येऊ' या टॅबमध्ये मी तिकिटांच्या पाच ओळी केल्या होत्या. आई-बाबांनाही न्यायचं ही कल्पना माझी. त्यांना आपण बाहेरचे आहोत असं वाटायला नको, निर्णय सगळ्यांचा असायला हवा, वगैरे. एका रविवारी जेवताना मी हे जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये जाऊ, मेपलची पानं लाल झालेली असतात, नायगाराही होईल.

बाबा आमटीभात कालवत होते. म्हणाले, "म्हणजे जागा बघायला चाललोय आपण."

"हो, तसंच."

"आणि आम्हाला नाही आवडली तर?"

आवाजात खोच नव्हती. साधा प्रश्न होता. मी म्हणालो, "म्हणून तर आधी बघायचं ना." हे उत्तर नाही हे आम्हा दोघांनाही कळलं. बाबांनी ताक मागितलं आणि विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो तिथे सुरू झाला, कारण सात टॅबच्या त्या शीटमध्ये या प्रश्नासाठी एकही सेल नव्हता.

आधी सोपा भाग घेऊ. अशा सहलीतून खरंच काय कळतं?

आपल्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो, तो आठवा. दोन्हीकडची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. अर्ध्या तासाच्या गप्पांवर पुढची चाळीस वर्षं ठरवायची. त्यातून काहीच कळत नाही असं नाही. समोरचा माणूस वेटरशी, म्हणजे हल्ली कॅफेत भेटतात म्हणून वेटरशी, कसा बोलतो तेवढं तरी दिसतं. पण संसार दिसत नाही. ऑक्टोबरमधला कॅनडा म्हणजे असा इस्त्री केलेला कॅनडा. तोच टोरोंटो परिसर डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आत अंधारतो.

आणि ऋतूचं एक वेळ सोडा. पाहुण्याला तिथे घर भाड्याने शोधावं लागत नाही, त्यामुळे 'तुमची क्रेडिट हिस्टरी दाखवा' हे वाक्य त्याच्या वाट्याला येत नाही. त्याला काम करायची परवानगीच नसते, त्यामुळे आठ वर्षांच्या अनुभवानंतर 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का?' हा प्रश्न पोटात कसा लागतो ते कळत नाही. सरकारी मदतीच्या पाळणाघरांसाठी सरासरी दिवसाला दहा डॉलरचं उद्दिष्ट ठेवलंय हे वाचून तो खूश होतो. तिथली प्रतीक्षायादी त्याला भोगावी लागत नाही. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हे स्टेजिंग सर्व्हर आहे. तिथे सगळं चालतं, कारण तिथे खरे युजर नसतात. उलट बाजूही खरी आहे. ज्या गोष्टींमुळे माणूस एखाद्या गावात रुजतो, म्हणजे हाक मारणारा शेजारी, वाचनालयातली ओळखीची बाई, लेकीची पहिली मैत्रीण, त्याही दोन आठवड्यांत सापडत नाहीत. म्हणजे चांगलं आणि वाईट, दोन्हीतलं महत्त्वाचं सुटतं.

एल. ए. पॉल या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ साली 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पिरियन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की काही निर्णय माणसालाच बदलून टाकतात. मूल होऊ देणं हे त्यांचं एक उदाहरण. निर्णय घेताना तुम्ही आजच्या आवडीनिवडी लावून हिशेब करता, पण तो निर्णय जगणार असतो उद्याचा, वेगळ्या आवडीनिवडींचा माणूस. मला हे लगेच पटलं. लेक व्हायच्या आधी आम्ही एका मित्राचं बाळ शनिवार-रविवार सांभाळून 'ट्रायल' घेतली होती. डायपर कसा बांधायचा ते कळलं. बाकी काहीही कळलं नाही. आज जो माणूस लेकीच्या तापात रात्रभर थर्मामीटर घेऊन बसतो तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता, मग त्याला काय आवडेल हे मी कुठून सांगणार होतो?

पॉल यांचं म्हणणं, अशा वेळी 'मला आवडेल का?' हा प्रश्न सोडा. 'मी कोण होईन हे शोधून बघायची माझी इच्छा आहे का?' असं विचारा. या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो' आहे. बायकोचंही. पण मी इथेच अडकलो, कारण हा प्रश्न जाणाऱ्याला विचारता येतो. मी गेल्यावर बदलणार मी एकटा नाही. बाबा 'मुलगा परदेशात असलेले गृहस्थ' होणार, आई सकाळी आठला फोनसमोर केस विंचरून बसणारी आजी होणार, कारण तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असणार आणि नातीची झोपायची वेळ टळून गेलेली असणार. त्यांनी काही शोधायला घेतलेलं नाही. तरी त्यांचं आयुष्य बदलणार आहे.

म्हणून मी त्यांना विचारत होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण विचारणं म्हणजे काय? 'नाही' असं उत्तर आलं तर काहीतरी बदलणार असेल, तरच तो प्रश्न. माझ्या आजीला पाहायला आले तेव्हा म्हणे तिलाही विचारलं होतं, 'मुलगा पसंत आहे ना?' तेव्हा मांडवाची तारीख निघालेली होती. आपण ती गोष्ट हसत हसत सांगतो. मी आई-बाबांना विमानात बसवून, नायगारासमोर फोटो काढून, नेमकं हेच विचारणार होतो. पाच तिकिटांचा खर्च करून मी त्यांचा होकार विकत घेत होतो, म्हणजे पुढे कधी वाईट झालं तर 'तुम्हीही बघितलं होतं ना' असं म्हणायची सोय राहिली असती.

हे सगळं माझ्या लक्षात आलं ते व्हिसाच्या पत्रामुळे.

व्हिजिटर व्हिसाच्या अर्जासोबत लोक एक पत्र जोडतात. का जातोय, किती दिवस, आणि मुख्य म्हणजे परत का येणार. भारतात तुम्हाला बांधून ठेवणारं काय आहे ते अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. नोकरी, घर, माणसं. त्या रात्री मी ते पत्र लिहायला बसलो. नोकरीवर दोन ओळी, फ्लॅटच्या कर्जावर एक. मग लिहिलं की मी आई-वडिलांचा एकुलता एक मुलगा आहे, वडिलांना मधुमेह आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, दोघांची जबाबदारी माझ्यावर आहे आणि म्हणून मी नक्की परत येईन. पत्र छान झालं होतं. बायकोला वाचायला दिलं.

तिने वाचलं, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "अरे, हे खरं आहे ना?"

"म्हणजे काय, खरंच आहे सगळं."

"मग कायमचं जाताना हे कुठे जातं?"

कायद्याच्या दृष्टीने मी खोटं बोलत नव्हतो, हेही सांगायला हवं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ मधलं दुसरं उपकलम म्हणतं की पुढे कायमचं राहायचा इरादा असला म्हणून कोणी तात्पुरता येऊच शकत नाही असं नाही. मुदत संपेल तेव्हा तो परत जाईल एवढं अधिकाऱ्याला पटलं की झालं. याला दुहेरी हेतू म्हणतात. मला हे कलम फार समजूतदार वाटतं. एकाच माणसाच्या पोटात दोन हेतू असू शकतात, हे सरकारने मान्य केलंय. अट एकच, लपवायचं नाही. ज्या देशाला मी अजून पाहिलंही नाही त्याच्यापुढे मी दोन्ही हेतू मांडायला तयार होतो. समोरच्या खोलीत झोपलेल्या दोन माणसांना मात्र एकच सांगितला होता, की 'नुसतं बघून येऊ'.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांसोबत चालायला गेलो तेव्हा त्यांना विचारलं, "तुम्ही गाव सोडलं तेव्हा आजीला विचारलं होतं?"

बाबा दहिवडीकडचे. माणदेशातला दुष्काळ काही नवा नाही. ऐंशीच्या दशकात एका एसटीने ते पिंपरी-चिंचवडला आले, एका खोलीत सहाजण कॉट बेसिसवर राहिले, कारखान्यात लागले. आधी येऊन जागा बघणं वगैरे भानगड नव्हती. माझ्या मनात एक वकिली मुद्दा तयार होता, की तुम्हीही गेलाच होता ना, प्रत्येक पिढी कोणाला तरी मागे ठेवूनच पुढे जाते.

बाबा थोडं चालले. मग म्हणाले, "विचारलं नाही. सांगितलं. ती रडली. पण तिला विचारल्याचं नाटक नाही केलं."

माझा वकिली मुद्दा त्यांनी नाकारला नाही, उलट मान्यच केला. जाणं चूक आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. निर्णय माझा असताना मी त्यावर त्यांची सही मागत होतो. आपली पिढी याबाबत जरा फसवी आहे असं मला वाटतं. आपल्याला जुन्यांसारखं हुकूम सोडणं जमत नाही, ते बरंच आहे. पण मग आपण सगळ्यांना चर्चेला बसवतो आणि चर्चेचा निकाल आधीच खिशात ठेवतो. आजीला निदान कशावर रडायचं ते माहीत होतं.

लेकीचंही तसंच. 'तिच्यासाठी जातोय' हे वाक्य आमच्या तोंडी इतकं बसलंय की ते खरं वाटू लागलंय. तिला विचारता येत नाही, ठीक. पण 'तुझ्यासाठी गेलो' हे तिच्या डोक्यावर न मागितलेलं कर्ज आहे. वीस वर्षांची झाल्यावर तिने विचारलं तर सांगता येईल असं कारण आमचं आमच्याजवळ असायला हवं. ते साधं आहे: आम्हाला जायचं होतं, आणि तुला सोबत नेणं आमच्या हातात होतं.

या सगळ्यातून आम्ही जाणं रद्द केलेलं नाही. बेत बदललाय. सहल आता ऑक्टोबरऐवजी फेब्रुवारीत, तिघांचीच, आणि नायगारा यादीतून बाद. एका तळघरातल्या भाड्याच्या जागेत राहायचं, लेकीला बाबागाडीत घालून बसस्टॉपवर उभं राहायचं, सकाळी बर्फ उपसायचा. त्यातून सगळं कळणार नाही हे माहीत आहे, पण निदान इस्त्री नको.

आई-बाबांना गेल्या रविवारी सरळ सांगितलं. आम्ही बहुतेक जाणार आहोत. हे तुम्हाला विचारत नाही, कारण तुम्ही नाही म्हणालात तरी बहुतेक जाऊच. पण काही गोष्टी खरंच ठरलेल्या नाहीत आणि त्या तुम्हाला विचारल्याशिवाय ठरणारही नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन आधी उरकायचं की मी सुट्टी घेऊन परत येऊ? तुम्ही इथेच राहायचं की आत्याच्या बिल्डिंगमध्ये? सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तुम्हाला तसं राहायचंय का? आणि रात्री दोन वाजता काही झालं, तर पहिला फोन कोणाला? कारण मला घरी पोहोचायला दिवस लागेल.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. दोन दिवस ती माझ्याशी फारसं बोलली नाही, आणि मला ते ऑक्टोबरच्या पाच तिकिटांपेक्षा खरं वाटलं.

सध्या आम्ही उलटी स्काउटिंग ट्रिप करतोय. पुढचे दोन आठवडे मी त्यांच्या घरातल्या एकाही कामाला हात लावायचा नाही, जणू मी गेलोच आहे. लाइट बिल, औषधं, बँकेचा ओटीपी, सगळं फोनवरून. तिसऱ्याच दिवशी बाबा एका बनावट केवायसीच्या लिंकवर क्लिक करता करता थांबले. ही माहिती मला मिसिसागात मिळाली नसती.

शीटमध्ये आता आठवा टॅब आहे, 'पुणे'. प्रश्नांच्या ओळी मी लिहिल्यात, समोरचे रकाने रिकामे आहेत. काल उघडून पाहिलं तर बाबांनी त्यांच्या मोबाइलवरून एक ओळ स्वतः वाढवलेली: 'इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे'. आणि समोर: 'मी बघतो.'

बाकीचे रकाने अजून रिकामे आहेत.