आक्कांचा प्रश्न

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. बारावी झाल्यावर कॉलेजसाठी सोलापूरला आलो आणि सात रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत पत्र्याची खोली घेतली. जेवण शेजारच्या आक्कांकडे. आक्का तेलुगू. नवरा यंत्रमागावर, दोन वेळा पाच-सहा पोरांची खानावळ, आणि मधल्या वेळात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. माल द्यायला गेलं की तपासणारा मूठ-दोन मूठ बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत. तक्रार करावी, तर उद्या पानंच कमी मिळायची. हे सगळं मला ठाऊक होतं. रोज भाकरी खाता खाता ऐकत होतो ना!

गणपतीत जवळच्या एका मंडळानं ऑर्केस्ट्रा ठेवला. रस्त्यावरच मांडव. गाण्यांच्या मध्ये एक नकलाकार यायचा. आधी सिनेमातले आवाज काढले, मग गाडी घसरली. बिडीवाली आणि तपासणारा, अशी नक्कल सुरू केली. बाईचा आवाज काढून, तेलुगू वळणाचं मराठी बोलत, छाट कमी करून घ्यायला बाई काय काय करते, ते त्यानं हातवारे करून दाखवलं. इथं लिहिण्यासारखं नाही. मांडव नुसता उसळला. शिट्ट्या, ‘वन्स मोर’. मीही मांडीवर थाप मारून हसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

आणि तसंच हसत मान वळवली, तर बायकांच्या बाजूला आक्का उभ्या राहिलेल्या. एका हातात चपला, दुसऱ्या हाताला दहा-अकरा वर्षांची लेक. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गर्दीतनं वाट काढत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताटात नेहमीसारखीच भाकरी, शेंगाचटणी, आमटी. आक्का काही बोलेनात. हात धुवायला उठलो तेव्हा म्हणाल्या, “तू बी हसलास की रे.”

मी म्हणालो, “आक्का, तो घाण बोलला.”

“तो पोटासाठी बोल्ला. त्याला पैशे मिळाले. तुला काय मिळालं?”

मला उत्तर आलं नाही.

संध्याकाळी मंडळाची पोरं आली. काही बाया उठून गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. “आक्का, त्याला परत स्टेजवर चढू देत नाही. हातपाय मोडतो त्याचे.” ‘वन्स मोर’ ओरडणारी पोरं तीच. आक्का बिडीचा दोरा तोडत म्हणाल्या, “त्याला मारल्यावर माझी छाट परत मिळती का?”

या गोष्टीला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर वाद पेटला की मला आक्का आठवतात.

बोलण्याची किंमत सोलापूरला कुणी शिकवायला नको. १९३० साली इथं मार्शल लॉ लागला. तिरंगा लावला म्हणून माणसं तुरुंगात गेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांतले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे. त्यांच्या आठवणीत बांधलेल्या हुतात्मा स्मृती मंदिरात आज आपण तिकीट काढून नाटकं बघतो. तेव्हा ‘याचं तोंड बंद करा’ असं म्हणायला माझी जीभ सहज उचलत नाही.

शिवाय तोंड बंद करायचं म्हटलं की पहिली पाळी कुणाची येते, तेही बघा. १९७२ साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर अश्लीलतेचा ठपका आला, तेव्हा नाटकवाल्यांना कोर्टाची पायरी तरी चढता आली. त्याआधी, बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई सरकारनं तमाशावरच बंदी आणली होती. फडावर जगणारी माणसं बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतली. शहरातल्या सभ्य लोकांना लाज वाटली आणि यांच्या चुली विझल्या. पुढं बंदी उठली, तीही अटी घालून.

म्हणून बंदी नको. पण बंदी नको म्हणजे मांडवात बसलेला मोकळा सुटला, असं नाही. आपला हिशेब नेहमी स्टेजवरच्या माणसाशी. गौतमी पाटीलच्या हावभावांवर केवढं वादळ उठलं! तिनं जाहीर माफी मागितली. मग २०२३ साली कपडे बदलताना तिचं कुणीतरी चोरून चित्रण केलं आणि ते मोबाइलवरनं गावोगाव फिरलं. ते पुढं ढकलणाऱ्यांनी माफी मागितल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही. दिवसा कट्ट्यावर ‘संस्कृती बुडाली’ म्हणणारी माणसं रात्री पहिल्या रांगेत बसलेली मी माझ्या गावात बघितली आहेत.

नकलाकार गर्दीकडं बघून बोलतो. एक वाक्य टाकतो आणि कान देतो. हशा आला की पुढची पायरी उतरतो, नाही आला की विषय बदलतो. त्या रात्री आम्ही एकेका हशानं त्याला खाली उतरवत नेलं. काय बोललं तर गुन्हा, हे कायदा ठरवील. पण मी कशाला हसायचं, हे कायदा ठरवू शकत नाही आणि त्यानं ठरवूही नये. ते माझं मलाच बघायला हवं. ज्याच्यावर विनोद चालला आहे, त्याला उलट बोलता येतं का? तपासणाऱ्यानं पैसे कापायचे आणि हसं व्हायचं ते आक्कांचं. त्या रात्री मी त्या तपासणाऱ्याच्या बाजूनं हसलो होतो.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत तमाशा होता. सोंगाड्यानं एका परित्यक्ता बाईवर विनोद केला. लोक हसले. मी हात गुडघ्यावर ठेवून गप्प बसलो. शेजारच्यानं कोपरखळी मारली, “काय ओ, कळला नाही का?”

“कळला,” मी म्हणालो.

पुढचा विनोद सरपंचाच्या नळयोजनेवर होता. त्याला मात्र मी खदखदून हसलो. सरपंच पुढच्याच खुर्चीत होते. तेही हसले, जरा उशिरानं.