वाटेचीच वाट

आपण मराठीत थांबण्याला ‘वाट पाहणे’ म्हणतो. कुणीतरी येणार असते, रस्ता समोर पडलेला असतो आणि डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. पण काही मुलखांत माणसांना वाटेचीच वाट पाहावी लागते, कारण ती अजून झालेलीच नसते.

लडाखच्या झंस्कर खोऱ्यातल्या खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद होत. मग जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कर नदी गोठली की तीच वाट. तिचे नाव चादर. पाठीवर लोण्याचे ओझे घेऊन लेहच्या बाजाराला निघालेले गावकरी, मुलांना लेहच्या शाळेत पोचवायला निघालेले बाप पिढ्यान्‌पिढ्या हिच्यावरून गेले. रात्री काठच्या गुहेत मुक्काम, बाहेर उणे २५ अंशांच्याही खाली उतरणारी थंडी.

चादर म्हटल्यावर एकसंध पांढरा पट्टा डोळ्यांसमोर येतो. ती तशी नसते. खालून पाणी वाहतच असते. थंडी वाढली की बर्फ जाड होतो, थोडी ऊब आली की मधेच फुटतो, कुठे पाणी वर चढून बसते. काल ज्यावरून माणसे गेली ते आज असेलच असे नाही. म्हणून पुढचा माणूस काठी आपटत, कान देऊन चालतो. आवाज भरीव आला तर पाऊल टाकायचे, पोकळ आला तर काठच्या कड्याला धरून वळसा घ्यायचा. कडाही उभा असेल तर मागे फिरायचे आणि थंडी पुन्हा पडेपर्यंत गुहेत बसून राहायचे. या बसण्याला प्रवासातला खंड म्हणायला माझे मन घेत नाही. माणसे शेकोटीशी बसलेली असतात तेव्हाच बाहेर त्यांची वाट तयार होत असते.

अशी वाट समुद्राकाठीही पाहावी लागते. स्कॉटलंडच्या बॅरा बेटावर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरते, म्हणून तिथले वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून ठरते. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर तर विमानतळच नाही. केपटाउनहून जहाजाने जवळपास आठवडा लागतो. तिथे पोचल्यावरही लाटा मोठ्या असल्या तर छोट्या बंदरात होड्या नेता येत नाहीत. घरे समोर दिसतात आणि माणसे जहाजावरच थांबतात. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला तेव्हा सगळ्या बेटकऱ्यांना इंग्लंडला हलवले होते. तिथे रस्ते होते, गाड्या होत्या, रोज मिळणारी कामे होती. तरी १९६३ मध्ये बहुतेक जण बेटावर परतले. लाटा ओसरण्याची वाट पाहणे त्यांनी जाणूनबुजून पुन्हा पत्करले.

झंस्करमध्ये मात्र ती निवड नव्हती. ऐन हिवाळ्यात आजारी पडलेल्या माणसाला बर्फ जाड होईपर्यंत थांबायला सांगणे क्रूर आहे. झंस्करमधून जाणारा निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, शिंकू ला खिंडीखालच्या बोगद्याचे कामही हाती घेतले गेले. बाराही महिने गाडी जाईल, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही त्या काठीचा विचार मनातून जात नाही. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कुठल्या पुस्तकातून येत नाही. तो नदीवर, पुढे चालणाऱ्या बापाच्या मागे चालतानाच मुलाच्या कानात उतरत असे.