काचेतले देऊळ

जे मोडून गेले, ते अखंड करून लोकांच्या डोळ्यांपुढे उभे करणे सत्याला धरून आहे काय? मोबाईलच्या काचेत जुनी देवळे आणि वाडे पुन्हा उभे राहू लागल्यापासून हा प्रश्न ठिकठिकाणी विचारण्याजोगा झाला आहे. एक उदाहरण घेऊन त्याचा विचार करू.

ग्रीस देशात अथेन्स नगरीच्या टेकडीवर पार्थेनॉन हे अथीना देवीचे संगमरवरी देऊळ आहे. इसवी सनापूर्वी ४४७ साली ते बांधावयास घेतले. पुढे त्याचे चर्च झाले, मग मशीद झाली. १६८७ साली तुर्कांनी आत दारूगोळा साठविला असता व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि मधला भाग उडाला. उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी एल्गिन या ब्रिटिश वकिलाच्या माणसांनी १८०१ पासून उतरवून नेली. १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती विकत घेतली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ती परत मागत आहे.

२०२३ साली तेथे 'क्रोनॉस' नावाचे मोबाईल अ‍ॅप निघाले. मोबाईलचा कॅमेरा भग्न देवळाकडे धरावा, की काचेत त्याच जागी पूर्वीचे देऊळ दिसते. लंडनला गेलेली शिल्पेही जागच्या जागी दिसतात.

कोणी म्हणेल, अहो, ही निव्वळ नजरबंदी! आम्ही तसे म्हणणार नाही. नुसते दगड पाहून साध्या माणसाला काय उमजणार? पंडितांच्या ग्रंथांत अडकलेले ज्ञान बायाबापड्यांच्या, पोरासोरांच्या हाती आले तर ते चांगलेच. शिवाय काचेवर कितीही रचले तरी मूळ दगडाला ओरखडा उठत नाही.

मग धोका कोठे? मोडलेले झाकले जाण्यात. फिडियसने सोने आणि हस्तिदंत वापरून घडविलेली अथीनेची मूर्ती केव्हाच नाहीशी झाली. तिचे रूप जुन्या वर्णनांवरून आणि लहान प्रतिकृतींवरून जुळवावे लागते. खांब डोळ्यांदेखत उभा आहे, मूर्ती तर्काची आहे. दोन्ही सारखीच ठळक दिसली तर भाबडा माणूस दोहोंवर सारखाच विश्वास ठेवणार. म्हणून जाणलेले कोणते आणि अंदाजाचे कोणते, हे दाखविणाऱ्याने उघड सांगितले पाहिजे. ते त्याचे कर्तव्यच होय.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. चर्च, मशीद, तोफ, लूट हे सारे त्या देवळावर खरोखर गुजरले आहे आणि रिकामी जागा त्याची साक्ष देते. काचेत ती भरलेली पाहून 'झाले, आता काय उणे आहे?' असे वाटले, तर ज्याचे गेले त्याच्यावर अन्याय होतो. उलट 'हे येथे होते, मग आज येथे का नाही?' असे मनात आले, तर त्याच चित्राने मोठे काम केले.

तेव्हा वाचकहो, अशा स्थळी गेलात तर आधी उघड्या डोळ्यांनी पाहावे, मग काचेतून पाहावे, आणि मोबाईल खिशात ठेवून पुन्हा एकदा त्या दगडांकडे पाहावे. तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अधिक दिसले, तर काचेचा उपयोग झाला म्हणावयाचे. तिसऱ्यांदा पाहावेसेच वाटले नाही, तर इतक्या दूर येण्याचे श्रम फुकट गेले.