विकतचा सॉस

तळजाई टेकडीवरून सकाळी उतरणाऱ्या मंडळींना दोन गोष्टी लागतात: काहीतरी पौष्टिक खायला, आणि त्याबद्दल बोलायला कुणीतरी. पायथ्याशी एका वहिनींनी आणि त्यांच्या धाकट्या दिरानं फलाफल सँडविचचं टेबल मांडलं ते हे हेरूनच. पुण्याच्या रिवाजाप्रमाणे पदार्थाआधी पाटी लागली: ‘तळलेलं नाही. मैदा नाही. तिन्ही सॉस घरचे. चव विचारू नये, घेऊन बघावी.’

फलाफलशी वहिनींची ओळख कॉलेजातली. पुण्याला परदेशी मुलांची सवय जुनी आहे; शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली सिम्बायोसिस काढलं तेही अशा मुलांची आबाळ पाहूनच. वहिनींच्या वर्गात सुदानची एक मुलगी होती. ती काबुली चणे रात्रभर भिजवायची, न शिजवता वाटायची आणि त्यात शेपू घालायची. आपल्याकडची मुलं जी भाजी बघून ताटावरून उठतात, तिच्यासाठी ही पोरगी मंडईत गाळ्यागाळ्यांवर हिंडायची!

त्यातलं ‘न शिजवता’ महत्त्वाचं. शिजवलेल्या चण्यांचा लगदा होतो, गोळा तेलात फुटतो, मग तो सांधायला मैदा आणावा लागतो. भिजवलेला कच्चा चणा भरड वाटला की त्यातला स्टार्च आचेवरच शिजतो आणि गोळा धरून ठेवतो. डाळवड्याची डाळ तरी कोण आधी शिजवतं? वहिनी त्यात गाजर आणि बीट किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घालत. कढईऐवजी आप्पेपात्र. प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल, बस्स.

सॉस तीन. भाजलेल्या तिळांची लिंबू-लसूण घातलेली ताहिनी, पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी आणि चक्क्यात काकडी, लसूण घालून केलेला पांढरा. गिऱ्हाइकांचा जीव पांढऱ्यात. आणि नेमका तोच वेळखाऊ. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं, सकाळी निम्म्याच्या आसपास हातात येणार. हे काम भाऊजींकडे होतं.

मार्चमध्ये गर्दी वाढली. भाऊजींनी बाजारातून मेयोनीजचं पाकीट आणलं आणि चक्क्यात निम्मं मिसळलं. कुणाला कळलं नाही. खरं सांगायचं तर लोकांना ते जास्तच आवडलं. एकदोघं वाटीत वेगळं मागू लागले. मेयोनीज म्हणजे बहुतांशी तेलच, तेव्हा ते आवडणारच. आप्पेपात्रानं वाचवलेलं तेल सॉसच्या वाटेनं पोटात जात होतं, इतकंच.

एप्रिलमध्ये ऊन चढलं तशी एक दिवस वहिनींची नजर भांड्यात गेली. नऊ वाजून गेले होते. मीठ आणि काकडी पडलेल्या चक्क्याला एवढ्या वेळात कडेनं पाणी सुटायला हवं. सॉस सकाळी होता तसाच घट्ट.

“भाऊजी, याला पाणी का सुटलं नाही?”

भाऊजी ब्रेड कापत राहिले. मग म्हणाले, “लोकांना आवडतंय, वहिनी. कुणी विचारलं तरी का?”

“विचारतील कशाला? पाटी वाचतायत ना.”

यापुढे दोघांत शब्द झाला नाही. वहिनींनी खडू घेतला आणि पाटीच्या तळाशी लिहिलं: ‘पांढऱ्या सॉसमध्ये विकतचं मेयोनीज आहे. गेला महिनाभर होतं.’ पहिल्या वाक्यावर कदाचित भागलं असतं. भाऊजींना बोचलं ते दुसरं.

काहींनी वाचून खांदे उडवले. एक बाई म्हणाल्या, “अहो, एवढं काय त्यात!” पण रोज बायकोसाठी एक बांधून नेणारे निवृत्त काका पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या घरी डॉक्टरांनी तेल मोजून द्यायला सांगितलं होतं.

“म्हणजे महिनाभर मी हिला हे खायला घालत होतो?”

भाऊजींकडे उत्तर नव्हतं. काका निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्या आठवड्यातही नाहीत.

मेयोनीज बंद झालं, तसा धंदा जवळजवळ निम्म्यावर आला. चक्का पुरेल तेवढीच सँडविचं निघत. पाटीवर नवी ओळ आली, ‘सॉस संपला की सँडविच संपलं’, आणि ती भाऊजींनी स्वतः लिहिली. साडेआठला येणारे रिकाम्या हातानं परतत, चार शब्द सुनावून. अशा वेळी गिऱ्हाइकाशी वाद न घालणं हे पुण्यात अवघड काम. भाऊजी ते शिकले. फडक्याला रात्रीची गाठ मारायलाही आता त्यांना सांगावं लागत नसे.

मे महिन्यात एका सकाळी काका टेकडीवरून उतरले ते थेट टेबलाशी. पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, “भांडं दाखवा.”

भाऊजींनी झाकण काढून भांडं त्यांच्याकडे कलतं केलं. कडेला पातळ पाणी जमलं होतं.

“पाणी सुटलंय,” काका म्हणाले.

“हो. ढवळून घ्यावं लागतं.”

“ढवळा मग. आणि दोन बांधा.”