बंदुकीवरची माया



काही रविवारांपूर्वी मिस्सा संपल्यावर आपल्यातील एक आजोबा, सैन्यातून निवृत्त झालेले, व्हरांड्यात थांबून राहिले. सगळे पांगल्यावर त्यांनी आम्हाला विचारले, "फादर, पन्नास वर्षं उलटली, पण मला अजून माझी रायफल आठवते. घरच्या माणसासारखी आठवते. हे पाप तर नाही ना?" (प्रश्न पापनिवेदनातला नव्हे, आणि येथे लिहायला आजोबांची परवानगी आहे.) आम्ही 'नाही' म्हणून मोकळे होणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून थांबलो.

आजोबांची रायफल म्हणजे एसएलआर. तिच्याआधी आपल्या सैन्याच्या हाती थ्री नॉट थ्री होती. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती इंग्रजांच्या काळापासून बनत असे. तिच्यात दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागे. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा आपले जवान तीच घेऊन लढले. त्यानंतर वीस गोळ्यांच्या मॅगझिनची एसएलआर आली आणि १९७१ च्या युद्धात ती आजोबांच्या खांद्यावर होती. पुढे इन्सास आली. हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. भुसावळ ओलांडले की वरणगावचा आयुध कारखाना लागतो. १९६४ पासूनचा हा कारखाना अशा बंदुकांच्या गोळ्या बनवतो आणि या परिसरातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली आहे.

सेमिनरीत आम्ही शिकलेले उत्तर सोपे होते. शस्त्र निर्जीव असते, पाप वापरणाऱ्याच्या इच्छेत असते. परंतु हे उत्तर आम्हाला हल्ली पुरत नाही. विळ्याने गवतही कापतात आणि कोणी दुष्ट माणूस गळाही कापतो. सैनिकाची रायफल मात्र कशासाठी घडवली आहे हे तिच्या घडणीतच लिहिलेले असते. मग तिच्यावर माया करायची म्हणजे नेमकी कशावर?

आम्ही आजोबांनाच बोलते केले. भरतीनंतर उस्तादांनी पहिल्या दिवशी काय बजावले, पुल-थ्रूला चिंधी लावून नळी कशी साफ करायची, आरशासारखी चमकेपर्यंत कशी पाहायची, हे सांगताना त्यांचे हात आपोआप हलत होते. जेवण चुकले तर चालेल, पण गंजाचा ठिपका दिसता कामा नये. आणि संध्याकाळी ती कोतमध्ये जमा करायची. सही करून घ्यायची, मोजून परत द्यायची. बट नंबर त्यांना आजही पाठ आहे. निवृत्त झाले त्या दिवशी ती तेथेच राहिली, दुसऱ्या कोणा पोराच्या हाती गेली असेल. म्हणजे पाहा, जी वस्तू एक दिवसही त्यांच्या मालकीची नव्हती, तिची त्यांनी पोटच्या लेकरासारखी निगा राखली. आपण आपल्या मालकीच्या वस्तूंची तरी एवढी राखतो का? (आमच्या मोटारसायकलकडे पाहून हे कोणी आम्हाला विचारू नये.)

शौकिनांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे सैनिकी काडतुसाची बंदूक सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही. त्यामुळे परवानाधारकांसाठी ईशापूरने थ्री नॉट थ्रीच्याच धर्तीवर .३१५ बोअरची बंदूक काढली. परदेशात मात्र जुन्या रायफली हौसेने जमवतात, पॉलिश करतात, मेळावे भरवतात. त्या हौसेला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. त्यात कारागिरीचे कौतुक आहे, बापजाद्यांची आठवण आहे. आपले शेजारी दसऱ्याला शस्त्रांवर फूल वाहतात, त्यातही आदरच असतो. पण जुन्यावरच्या प्रेमाची किंमत कधी दुसऱ्याला मोजावी लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

धर्मग्रामातला एक तरुण त्या वेळी जवळच उभा होता. मोबाइलवर पाहून त्याला एसएलआरची सगळी माहिती होती, वजन, लांबी, पल्ला. त्याने उत्साहाने विचारले, "आजोबा, किती मीटरवरून टिपला?" आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

संत ऑगस्तीन यांनी युद्ध कधी न्याय्य असू शकते हे मान्य केले. पण त्याच वेळी ते म्हणतात की न्याय्य युद्धाचाही विचार ज्याला दुःखाविना करता येतो, त्याने माणुसकीची जाणीव गमावली आहे. आम्हाला वाटते, आजोबांच्या आणि त्या तरुणाच्या प्रेमातला फरक येथे आहे. दोघांनाही रायफल आवडते. एकाच्या आवडीत एक पडलेला माणूस आहे, दुसऱ्याच्या आवडीत फक्त लोखंड आणि लाकूड. तरुणाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितले नव्हते. गेथशेमनी बागेत पेत्राने महायाजकाच्या दासाचा कान कापला तेव्हा प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितले. त्या कानाची आठवण पेत्राला जन्मभर राहिली असेल असे आम्हाला नेहमी वाटते.

तरुण गेल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "फादर, बट नंबर पाठ आहे. त्या माणसाचं नाव कधी कळलंच नाही."

तेव्हा आम्हाला कळले की त्यांनी विचारलेला प्रश्न रायफलीचा नव्हताच. आम्ही त्यांना म्हटले, "आजोबा, माया पाप नाही. पण त्या मायेत त्यालाही जागा द्या. मृतांच्या मिस्सासाठी नाव द्या." ते म्हणाले, "नावच नाही, तर काय देऊ?"

दोन नोव्हेंबरला वेदीजवळ मृतांच्या नावांची वही ठेवली होती. आजोबांनी तीत आपल्या आईवडिलांची नावे लिहिली, पत्नीचे लिहिले, आणि खाली थरथरत्या अक्षरांत एक ओळ: 'समोरचा जवान, डिसेंबर १९७१.' मिस्सामध्ये आम्ही ती इतर नावांसारखीच मोठ्याने वाचली.