धाग्यातले कापड, दाण्यातले औषध

धाग्यांचे कापड होते तेव्हा नवी वस्तू जन्मते, की धाग्यांत होतेच ते फक्त दिसू लागते? आपल्या दर्शनांत यावर शतकानुशतके वाद झडला. सांख्य तिळातल्या तेलाकडे बोट दाखवतात: तेल तिळातून निघते, वाळूतून नाही, म्हणजे कार्य कारणात आधीपासून असतेच. नैयायिकांना हे पटत नाही. सुटे धागे नेसता येतात का? कापड ही वेगळीच वस्तू.

हा वाद मांडायला सुरतेइतके योग्य गाव नाही. उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात आणि तिथल्या मागांवर पॉलिएस्टरचे कापड होत असते. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचेच प्लास्टिक. बाटलीचा चुरा वितळवून त्याचा धागा निघतो.

घडा मोडून मुकुट केला तरी सोने तेच, हा जैन आचार्यांचा दाखला. पण सोने थकत नाही, प्लास्टिक थकते. ते वितळवून पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रातली उष्णता, घर्षण आणि ऑक्सिजन त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडतात. प्लास्टिकच्या जुन्या पोत्यांपासून केलेला पॉलिप्रॉपिलीनचा दाणा 230 अंशांवर, 2.16 किलो वजनाखाली 10 मिनिटांत किती ग्रॅम वाहतो ते मोजतात. आकडा चढला, की साखळ्या तुटल्या असे समजायचे. म्हणून दाण्यात औषध घालतात: फिनॉल ऑक्सिजन चिकटलेल्या तुटक्या टोकांना हायड्रोजन देऊन शांत करते, फॉस्फाइट वाटेत तयार होणारी पेरॉक्साइडे निकामी करते.

आता कोणी म्हणाले, हे मिश्रण भंगाराच्या दाण्यासाठी मी शोधले, मला पेटंट द्या, तर?

1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 3(डी) इथे सांख्यांच्या बाजूने बोलते. माहीत असलेल्या पदार्थाचा नवा गुण किंवा नवा उपयोग नुसता सापडला, तर तो शोध नव्हे. गुण पदार्थात होताच. 3(ई) मात्र नैयायिकांना फट ठेवते. घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असलेले मिश्रण चालत नाही. सुट्या धाग्यांत नसलेले काही कापडात आले पाहिजे.

फिनॉल आणि फॉस्फाइट एकमेकांना बळ देतात, हे रसायनवाल्यांना केव्हाच ठाऊक आहे. तेवढ्यावर पेटंट मागणे म्हणजे दुसऱ्याच्या मागावरचे कापड आपले म्हणणे. भंगारात मात्र नव्या दाण्यात नसलेल्या गोष्टी असतात: शाईचे अवशेष, धातूंचे अंश, आधीच झिजलेल्या साखळ्या. त्यांच्यावर एखादे मिश्रण असे काम करत असेल, जे त्याचा कोणताच घटक एकटा करत नाही आणि जाणकारालाही आधी सुचले नसते, तर नैयायिकाचा दावा ऐकावाच लागेल.

पण हे काम सिद्ध कसे करायचे? कलम 3(डी) मधली परिणामकारकता कशी जोखायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 च्या नोव्हार्टिस निकालात सांगितले: वस्तूचे काम काय, त्यावरून. ते प्रकरण कर्करोगावरच्या औषधाचे, तिथे कसोटी रोगावरच्या गुणाची. दाण्यातल्या औषधाचे काम साखळी टिकवणे. तेव्हा एकेक घटक वेगळा घालून आणि मग मिश्रण घालून घेतलेले वाहण्याचे आकडेच इथे साक्षीला लागतील. सुरतेचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि मंजूर झाला, तर हक्क अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे टिकतो.