धरावे काय, सोडावे काय?

सहावीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. धड्यात 'होल्ड' हा शब्द आला. आम्ही उर्दूत अर्थ सांगितला, 'पकडना, थामना', आणि पुढे निघालो. मुले मात्र पुढे यायला तयार नव्हती. एकाने विचारले, अब्बांचा कुवेतहून फोन येतो तेव्हा ते 'होल्ड कर' म्हणतात, तेव्हा काय पकडायचे? दुसऱ्याचे वडील जहाजावर आहेत. तो म्हणाला, जहाजाच्या पोटात माल भरायची जागा असते, तिलाही होल्डच म्हणतात. मग आम्हीच फळ्यावर यादी केली. हात धरणे, श्वास रोखणे, सभा भरवणे, मालमत्ता बाळगणे, मत बाळगणे, दिलेल्या शब्दाला जागणे. शब्द एकच, पण कामे किती!

घरी येताना विचार करू लागलो तर आपली मराठी कुठे मागे आहे? आपण धीर धरतो, हट्टही धरतो. रोजा धरतो आणि अबोलाही धरतो. बोट धरून मूल चालायला शिकते, रोपटे मूळ धरते, आंब्याला फळ धरते. पाणी अडवले की धरण होते आणि न्यायासाठी दारात बसले की धरणे होते. या यादीतले अर्धे धरणे पुण्याचे आहे आणि अर्धे पापाचे. क्रियापद बिचारे निरपराध आहे. काय धरले, कशासाठी धरले आणि कोणाच्या हातातले ओढून धरले, यावर सारे अवलंबून असते.

संस्कृतातला 'ग्रह' हाही पकडण्याचाच धातू. त्यातून आग्रह झाला, दुराग्रह झाला, पूर्वग्रह आणि संग्रहही झाला. 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये तिथले हिंदी लोक जमले होते. नोंदणीच्या अपमानास्पद कायद्यापुढे मान तुकवायची नाही, असा ठराव होता. तेव्हा शेठ हाजी हबीब यांनी हा ठराव खुदाला साक्षी ठेवून करावा असा आग्रह धरला. शपथ म्हणजे काय, ती मोडणे म्हणजे काय, हे गांधीजींनी तिथे लोकांना समजावून सांगितले. या लढ्याला नाव नंतर मिळाले. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवले, त्याचे गांधीजींनी 'सत्याग्रह' केले. म्हणजे जगाला माहीत झालेल्या या शब्दाच्या मुळाशी एका मुसलमान व्यापाऱ्याने धरलेला ईमानाचा आग्रह आहे, हे आपल्या मुलांना आपण सांगायला हवे.

आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. 1927 च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्या तळ्यावरची पकड सोडायला गावातले सवर्ण तयार नव्हते. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. एकीकडे सर्वांचे पाणी आपल्या मुठीत धरून बसलेले लोक आणि दुसरीकडे आपली जमीन दुसऱ्यांसाठी मोकळी करणारा माणूस. पकड दोघांचीही होती. एकाची वस्तूवर होती, दुसऱ्याची तत्त्वावर.

आता अरबीतला शब्द घेऊ, जो उर्दूतही आहे आणि मराठीतही. कब्जा. आपण तो सातबाऱ्याच्या आणि भांडणाच्या संदर्भात ऐकतो. परंतु अल्लाहच्या नावांत 'अल्‌-काबिज' आणि 'अल्‌-बासित' ही दोन नावे जोडीने घेतली जातात. एक आवरून धरणारा, दुसरा पसरून देणारा. धरणे आणि मोकळे करणे अशी दोन्ही कामे त्याचीच. माणूस मात्र पहिले काम उचलतो आणि दुसरे विसरतो.

याच शब्दाचा एक साधा अर्थ आम्हाला वादळाने शिकवला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले. म्हसळ्यात आमच्या घराचे पुढचे दार आम्ही तिघांनी पाठीने रेटून धरले होते. छपराचे पत्रे गेले, वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, पण दार राहिले. नंतर मात्र ते उघडेना. सुतार आले, त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "सर, लाकूड चांगलं आहे हो. बिजागऱ्या गेल्यात. बिजागरी जाम झाली की दार दार राहत नाही, भिंत होते."

बिजागरीला उर्दूत कब्जाच म्हणतात. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते, समजले मात्र त्या दिवशी. कब्जा दाराला चौकटीशी घट्ट धरून ठेवतो आणि तरीही उघडू देतो. जो धरतो पण हलू देत नाही, तो गंजलेला कब्जा.

आमचे हे म्हसळा पूर्वी जंजिरा संस्थानात होते. जंजिऱ्याच्या किल्ल्याला शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी वेढे घातले, तो हाती आला नाही. वेढ्यांनी न सुटलेली ती पकड 1948 मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणाने कागदावर सुटली. कोकणात आजही मोठ्या पकडी अशाच एका सहीने सुटतात. फरक इतकाच की सही बहुधा बहिणीची असते. त्या कागदाला हक्कसोड म्हणतात.

येथे आम्हाला स्वतःकडे बोट करावे लागते. वालिदांच्या पश्चात आम्ही दोघा भावांनी आपाकडून हक्कसोडीवर सही घेतली. कोणी जबरदस्ती केली नाही. ती आली, "कुठे करू?" एवढेच तिने विचारले आणि सही करून निघून गेली. लोक म्हणाले, किती समंजस बहीण! आम्हीही तेच म्हणालो. माहेरचा दरवाजा बंद होईल या धास्तीने किती बहिणी समंजस होतात, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नाही.

सूरे आले इमरानमध्ये अल्लाहची रस्सी सर्वांनी मिळून घट्ट धरण्याचा हुकूम आहे. जलशात, मिलादात, निवडणुकीच्या सभेतही आपण त्याचा हवाला देतो. पण त्याच कुरआनात, सूरे निसामध्ये, वारशाचे हिस्से अपूर्णांकांसह ठरवून दिले आहेत. गणित अवघड नाही. आईवडील हयात नाहीत, मागे दोन भाऊ आणि एक बहीण, तर पाच भाग. दोन-दोन भावांचे, एक तिचा. तो एक भाग आपल्या मुठीत ठेवून त्याच मुठीने रस्सी कशी धरायची? 1937 च्या शरीयत कायद्यामागे, रूढीने डावललेल्या स्त्रियांना त्यांचा हिस्सा मिळावा, हाही हेतू होता. त्या कायद्याने शेतजमीन वगळली, म्हणून काही भाऊ आजही त्या वाक्याकडे बोट दाखवतात. कायद्यात पळवाट असेल, ईमानात ती कोणी ठेवली?

आपण म्हणतो, जमाना वाईट आहे, आपली ओळख घट्ट धरली पाहिजे. बरोबर आहे. उर्दू धरावी, घरची कोकणी धरावी, जिच्यात आपण हे लिहितो-वाचतो ती मराठीही धरावी. एक भाषा धरायला दुसरी सोडावी लागत नाही, हे आमचे विद्यार्थी रोज चार भाषांत बोलून सिद्ध करतात. पण ओळख धरणे सोपे आहे, कारण त्यात आपल्या खिशातले काही जात नाही. हक्क परत करताना जाते. म्हणून दीन किती घट्ट धरला आहे, हे दाढीवरून किंवा घोषणेवरून नव्हे, तर काय सोडू शकलो यावरून मोजावे, असे आम्हाला वाटू लागले आहे.

यंदा ईदनंतर आम्ही भावांनी बसून हिशेब केला आणि आपाला फोन केला. पाचवा भाग तुझा आहे, कागद पुन्हा करू, असे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्हाला वाटले, फोन कटला. मग तिने विचारले, "वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्यांना फळ धरलं का रे?"

आम्ही म्हटले, येऊन बघ. दार उघडे आहे.